पाऱ्याला ओलं फडकं

मी कॉलेजात जायच्या आधी पेडगावला आमचं कुडाचं घर होतं. आबा परभणीत लोकांच्या घरांवर स्लॅब टाकायला जायचे, आणि आमचं छप्पर दर पावसाळ्यात गळायचं. माय कापूस वेचायला जायची, तुरी कापायला जायची. काम नसलं की दोघं घरात बसून एकमेकांवर चिडायचे. मी दहावीला असताना आबांनी पत्रे आणले. नवेकोरे, चकचकीत. वस्तीतली माणसं बघायला आली. आबा येईल त्याला सांगायचे, "आता गळती बंद. पोरगी अभ्यास करायलीय." त्या पत्र्याखाली उन्हाळ्यात काय होतं ते कुणी बोललं नाही. घर झालं होतं. त्याला नावं कोण ठेवणार?

बी.एस्सी.ला मी भूशास्त्र आणि हवामान घेतलं. शेजारची मावशी दारात उभी राहून म्हणाली, "दगडं शिकायला परभणीला जायलीस व्हय? इथं काय दगडं कमी हायेत?"

"हवा बी शिकायलीय ती," आबा म्हणाले.

"हवा तर फुकट हाय की दादा. तिला कॉलेज कशाला?"

मला लाज नाही वाटली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी रोज पॅसेंजरनं ताठ मानेनं जायची.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. तो बुडाला की वर्ष बुडालं, आणि आमच्याकडे वर्ष बुडालं म्हणजे शिक्षण संपलं. मी ठरवलं, आपलंच घर मोजायचं. वेधशाळा शहराचं तापमान सांगते, पण ते मोकळ्या जागेतल्या पांढऱ्या, हवेशीर पेटीतलं. पत्र्याखाली बसलेल्या माणसाचं तापमान कोण सांगतं? सरांना हे पटलं. त्यांनी कॉलेजचा थर्मामीटर दिला आणि बजावलं, "जपून. हा फुटला तर दुसरा नाही."

तेच मी घरी येऊन मायला सांगितलं. घोळ तिथंच झाला.

खाटेच्या वर, आढ्याला दोरी बांधून मी तो लटकवला. दुपारची पॅसेंजर उतरून घरी यायची, पिशवी खाली ठेवायच्या आधी पारा बघायची, लिहायची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या सुमाराला बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, आणि आमच्या घरातला आकडा वेधशाळेपेक्षा कमी यायला लागला. एक दिवस नाही, रोज. मी डोकं धरून बसायची. पुस्तक सांगतं पत्रा तापतो, माझं अंग सांगतं पत्रा तापतो, आणि काच म्हणते नाही.

आकडे दाखवले तेव्हा सर चष्मा वर करून म्हणाले, "काय गं, घरी एसी बसवलाय का?"

वर्ग हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

मग एक दिवस तास लवकर सुटले. पेडगावची एक बाई स्कुटीवर गावाकडे निघाली होती, तिच्या मागं बसून मी आले. दारातून आत बघते तर थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलेलं. माठाला गुंडाळतात तसं, नीट, गाठ मारून. आणि माय तांब्यातलं पाणी त्याच्यावर शिंपडत होती.

"माय! काय करायलीस हे?"

ती दचकली. "अगं, लय वर चढायलाय तो. वरून फुटून बाहीर येईल की! कॉलेजची वस्तू हाय. फुटली तर तुला काढून देतील."

रोज असंच चाललं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की ती फडकं सोडायची, काच पदरानं पुसायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. माझे सगळे आकडे त्या ओल्या फडक्याचे होते. तिला रागावू तरी कशी? तिनं माझं शिक्षणच सांभाळलं होतं, तिला कळलं तसं.

सरांनी सांगितलं, पुन्हा मोज, मे संपेपर्यंत वेळ आहे. मी मायला समजावलं: फडकं नको, पाणी नको, काही नको. घर जसं आहे तसंच राहू दे.

त्याच आठवड्यात आबांना स्लॅबवर ऊन लागलं. सोबतच्या दोघा मजुरांनी आधी दवाखान्यात नेलं, मग धरून घरी आणलं. दवाखान्यात सलाईन लावली आणि सांगितलं, गार जागेत झोपवा. गार जागा कुठली? खाट एकच, आणि ती थर्मामीटरखाली. मायनं तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. मग ती बादली घेऊन आली. जमिनीवर पाणी मारायचं, दाराला ओली पोती बांधायची, एवढंच आमच्या हातात होतं. तेवढ्यात आबा पडल्या पडल्या म्हणाले, "थांब. तिचं मोजून होऊ दे."

"आबा, राहू द्या. मारू दे तिला पाणी," मी म्हणाले.

"न्हाई. एकदा बिघडलंय ना? आता बिघडवायचं न्हाई."

मायनं बादली आदळली. "काचंला ओलं फडकं नको म्हणलीस. बापाला तरी ठिवू का?"

फडकं मीच भिजवलं, त्यांच्या कपाळावर ठेवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. आजारी माणूस, पण हात दगडासारखा. मोजायच्या ठरलेल्या वेळेला अजून अवकाश होता, म्हणून मी खाटेच्या कडेला बसून राहिले. पारा चढत होता, त्यांच्या गळ्यावरून घाम वाहत होता, आणि हे असं का होतं ते मला सगळं सांगता आलं असतं. पत्रा ऊन कसं घेतो, खाली कसं टाकतो, हवा कशी कोंडते. त्यातलं काहीही त्यांना वारा घालायला उपयोगाचं नव्हतं. माय पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

मी उठून पारा बघितला.

"किती?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"वेधशाळेपेक्षा जास्त हाय ना?"

"लय जास्त हाय, आबा."

"मग झालं," ते म्हणाले, आणि खरंच हसले. "मार आता पाणी."

पुढं मे संपेपर्यंत रोज हेच. ते बरे होऊन बसते झाले, तरी दुपारी माझी वाट बघायचे. आकडा जास्त आला की त्यांना बरं वाटायचं. कमी आला की विचारायचे, "आज काय झालं याला?" मी रोज म्हणायची, तुम्ही बाहेर झाडाखाली बसा. ते म्हणायचे, "माणूस नसलेलं घर मोजून काय करतीस?"

अहवाल झाला. सरांनी वर्गात वाचून दाखवला, तेव्हा कुणी हसलं नाही. त्यात पत्र्याखालच्या दुपारचे आकडे आहेत. खाटेवर कोण होतं ते नाही, कारण तसा रकाना नसतो.

पत्रा अजून तोच आहे. प्रकल्प पास झाला, आणि मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.