इराणी आंटी आणि एक जुना शब्द

मँचेस्टरच्या पावसात इराणी आंटी छत्री उघडत नसत. राखी उजेडात, ट्रामच्या ओल्या रुळांकडेने, चेहरा किंचित वर करून त्या अशा चालत, की वाटे दुरून कुणी त्यांना हाक मारते आहे. मी छत्री पुढे केली की पुण्याच्या कॅम्पातल्या मराठीत म्हणत, "तू घे ग. हा माझा बाबाच्या वाटचा पाऊस हाय."

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. मी शिकत होते आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहत होते. त्यांचे वडील इराणमधल्या यझ्दचे, अग्नीला मानणारे जरथुष्ट्री. वडिलांच्या लहानपणी तिथे पाऊस आला की या लोकांनी घराबाहेर पडायचे नसे. त्यांच्या ओल्या अंगाने इतर बाटतील, अशी समजूत. लोक त्यांना 'गब्र' म्हणत. पुण्यात बेकरी काढल्यावरही वडिलांनी तो शब्द कधी उच्चारला नाही.

आंटी मात्र तो खडीसाखरेसारखा जिभेवर घोळवत. "काही पंडित म्हणतात, मुळात त्याचा अर्थ नुसता 'माणूस' होता. मग काफर झाला. मग शायर लोकांनी त्याच्या हातात दारूचा प्याला दिला. शब्दाला पण बिचाऱ्याला किती घरं बदलावी लागतात."

शेजारी तेहरानची परवीन राहत असे, इस्पितळातली नर्स. रविवारी ती चहाला आली की घरात वेलदोडा दरवळे आणि आंटींच्या ओठांवर फारसी परते. वडिलांनंतर ती भाषा बोलायला त्यांना दुसरे कुणी उरले नव्हते. एकदा कुणा निर्दय वरिष्ठाबद्दल सांगताना परवीन सहज म्हणून गेली, 'गब्र'. आंटींचा धर्म तिला ठाऊक होता. शब्द केवळ जिभेच्या सवयीचा होता.

आंटींचा कप हवेतच थांबला. बोलल्या तर ही एकुलती सोबत जाणार, हे मलाही कळले. त्या संथपणे दोन वाक्ये बोलल्या. त्यांचा अर्थ मला नंतर सांगितला: "म्हटलं, पोरी, तो शब्द म्हंजे माझा बाबाला मारलेला दगड. मी त्याचीच मुलगी."

परवीन अर्धा चहा टाकून गेली आणि कितीतरी रविवार आली नाही. रविवारी दुपारी आंटी रेडिओ लावत नसत; दार वाजले तर ऐकू यावे म्हणून.

वसंतात ती आली. उंबऱ्यातच रडत म्हणाली, लहानपणी आम्ही जेवलो नाही की आई सांगायची, गब्र येईल. आंटींनी तिला आत ओढून भाताचे ताट पुढे ठेवले. "आला ना गब्र? जेव आता."

आंटी गेल्या तेव्हा मी पुण्याला परतले होते. परवीनचा फोन आला. तेहरानच्या आईशी फोनवर बोलतानाही तिला रडू आवरले नव्हते. इथे माझी एक गब्र गेली, असे ती म्हणाली होती. आईने विचारले,

"नाव काय होतं तिचं?"