स्पीकरशेजारची जागा

त्या काळात मी देवाशी बोलणं टाकलं होतं. पूजा चुकवली नाही. रोज सकाळी देव ताम्हनात घ्यायचे, त्यांना अंघोळ घालायचे, पुसून गंध लावायचे आणि फूल वाहून उठायचे. तोंडातून मात्र एक अक्षर काढायचे नाही. घरात एखाद्याशी अबोला धरला तरी वेळेला त्याचं ताट वाढावंच लागतं, तसं चाललं होतं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, देवाशी असं वागू नये. मी म्हटलं, त्याने माझ्याशी कसं वागावं हे त्याला कुणी सांगितलं का? त्यावर त्या आणखी काही बोलल्या असतील, तर ते मला ऐकू आलं नाही.

ऐकू न येणं हेच तर भांडणाचं मूळ होतं. धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर माझे कान कमी होत गेले. आधी कुजबुज गेली, मग दारावरची थाप, मग शेजारच्या खोलीतलं मुलींचं बोलणं. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात एवढा घुमायचा की मी हळू बोलायला लागले. घरात चेष्टा व्हायची, की हिला आमचं ऐकू येत नाही आणि आम्हाला हिचं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या आत एक अगदी बारीक हाड असतं, ते हलायचं थांबलंय. डाव्या कानाचं ऑपरेशन झालं, त्याला यश आलं नाही. उजवाही हळूहळू जाईल, मनाची तयारी ठेवा, असं ते ह्यांना म्हणाले. मी डॉक्टरांचे ओठ बघत होते, म्हणून मलाही कळलं.

मी काही गायिका नव्हे. माहेरी पाच-सहा वर्षं शिकले, तंबोरा धरण्यापर्यंत मजल गेली आणि लग्न झालं. गाणं सुटलं त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण ऐकणं हातात होतं. बदलापूरला बेलवलीत राहायला आलो आणि महिन्याभरात मला कुळगावातला तो हॉल सापडला. देवळामागचा साधा हॉल, वर सिमेंटचे पत्रे, खाली सतरंज्या, एका टोकाला हातभर उंचीचं स्टेज. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिथे गाणं असायचं. अंबरनाथच्या कारखान्यांतले साहेब लोक, बँकेतले, शाळामास्तर आणि चुकीच्या जागी हमखास ‘वाहवा’ म्हणणारे एक निवृत्त पोस्टमास्तर असे सगळे आम्ही नेहमीचे. स्वयंपाक पहाटेच उरकून मी रेल्वेचा पूल ओलांडून कुळगावात पोचायचे. देवाच्या पुढ्यात मला कधी जे वाटलं नव्हतं ते त्या सतरंजीवर वाटायचं. म्हणून तर राग जास्त होता. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती, आणि त्याने बरोबर तिच्यावरच हात घातला.

कान कमी झाले तशी मी स्पीकरशेजारी बसायला लागले. जाणता श्रोता त्या डब्यापासून चार हात लांब बसतो. मी खांदा लावून बसायचे. स्पीकर उल्हासनगरच्या लछूभाईंचे. हा सिंधी माणूस लग्नाच्या वरातीपासून भजनापर्यंत सगळीकडे आपली खोकी लावायचा. त्याला गाण्यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक, पण माझं कळलं. एकदा मी आत शिरले तर त्याने आधीच एक स्पीकर आडवा फिरवून ठेवला होता. खाली सतरंजीवर हात थोपटून म्हणाला, “भाभी, तुम्ही इथेच बसायचं. ये बॉक्स तुमचा.” तेव्हापासून ती जागा माझी झाली.

मग कानाचं यंत्र आलं. खिशातल्या रेडिओएवढी डबी, ती ब्लाउजला अडकवायची आणि तिची वायर कानापर्यंत न्यायची. ते यंत्र घालून गेले त्या रविवारी एका तरुण गवयाने फार जपून आलाप सुरू केला होता आणि ऐन शांततेत माझ्या डबीने शिट्टी मारली. मला ती कळलीच नाही. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, तेव्हा कळलं. गवई थांबला. मी डबी बंद केली आणि मान खाली घालून शेवटपर्यंत बसून राहिले. निघताना मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “गाढवापुढे वाचली गीता.” त्यांना वाटलं, हिला कुठे ऐकू येतंय. बहिरं होत चाललेलं माणूस ओठ वाचायला शिकतं, हे चांगल्या कानांच्या लोकांना माहीत नसतं.

त्याच आठवड्यात गाण्याच्या मंडळाचे सेक्रेटरी भाऊ आमच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेऊन, बराच वेळ कप खाली ठेवत-उचलत, शेवटी म्हणाले, “वहिनी, रागावू नका. पण गाणाऱ्याला त्रास होतो. तुम्ही घरी टेपवर ऐकलंत तर तुम्हालाच बरं पडेल.” सासूबाई म्हणाल्या, भाऊंचं बरोबर आहे, लोक हसतात, आता बस झालं. त्यापेक्षा माझ्याबरोबर अंबरनाथच्या शंकराला चल, सोमवार धर. त्या स्वतः माझ्या कानांसाठी सोमवार करतच होत्या. मी भाऊंना सांगितलं की यंत्र घरी ठेवीन, आवाज करणार नाही, पण येणार. आणि सासूबाईंना सांगितलं, ज्याच्याशी मी बोलत नाही त्याच्या दारात मागायला जाणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, पण शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या महिन्यात डबी घरी ठेवून गेले आणि स्पीकरला टेकून बसले. त्याच्या पुढच्याही महिन्यात गेले. लोकांनी हसावं, मागे सरकायला सांगावं, काय वाटेल ते करावं. त्या लाकडी खोक्यातून जोवर थोडंसं जरी गाणं माझ्यापर्यंत पोचतंय तोवर मला तिथून उठवायची कुणाची छाती आहे ते बघू, असं मी मनाशी म्हणत होते. आतून मात्र धास्ती होती, कारण दर महिन्याला ते थोडं कमी पोचत होतं. ज्या रविवारी काहीच पोचणार नाही त्या रविवारी काय करायचं?

तो रविवार हिवाळ्यात आला. पुण्याकडच्या एक वृद्ध गायिका येणार होत्या. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. हॉल भरला होता, लछूभाईंनी माझा स्पीकर फिरवून ठेवला होता, आणि बाई स्टेजवर बसत असतानाच लाइट गेली. आमच्याकडे लाइट गेली की दुपारपर्यंत यायची नाही, हे सगळ्यांना माहीत. भाऊ उठून काही बोलले आणि लोकांचे चेहरे एकदम खुलले. शेजारणीने माझ्याकडे वळून सांगितलं, बाई माइकशिवाय गाणार आहेत. असं गाणं आता ऐकायला मिळतं कुठे, म्हणून सगळे पुढे सरकून बसले. लछूभाई तेवढा माझ्यासमोर उकिडवा बसला. दोन्ही हात पसरून म्हणाला, “भाभी, लाइट नाही. आज अपने हाथ में कुछ नहीं.”

मी त्या बंद खोक्याकडे बघत बसले. आणि मग मनातल्या मनात, पण अगदी स्पष्ट, मी म्हणाले, ‘एवढंही बघवलं नाही ना तुला? सगळं घेतलंस, हे एक खोकं राहिलं होतं, तेही घेतलंस. घे. मी तरी उठणार नाही. ऐकू देणार नसशील तर बघत बसेन, पण उठणार नाही.’ इतक्या काळात मी त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. त्या क्षणी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

समोर काहीतरी अडल्यासारखं दिसत होतं. मंडळाची विजेवर चालणारी सुरांची पेटी अर्थातच बंद होती. बाईंनी आपला तंबोरा गवसणीतून काढला होता, पण तो धरायला कुणी नव्हतं; त्यांची शिष्या आजारी पडून मागे राहिली होती, हे मला नंतर कळलं. भाऊ श्रोत्यांकडे बघून विचारत होते. मी त्यांच्या ओठांवर ‘तंबोरा’ एवढाच शब्द पाहिला आणि हात वर केला. शेजारणीने माझा पदर ओढला. भाऊंचा चेहरा उतरला. ते बाईंच्या कानाशी वाकून काही सांगायला लागले, आणि ते काय सांगत असतील हे कळायला मला कान लागत नव्हते. मी सरळ स्टेजवर गेले.

“मला ऐकू येत नाही,” मी बाईंना म्हटलं. “पण तंबोरा छेडता येतो.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. माझा उजवा हात हातात घेऊन बोटं चाचपली. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, “बोटांना येतं ना? मग बस.”

तारा त्यांनी स्वतः जुळवल्या. मी मागे मांडी घालून बसले, तंबोरा उभा धरला, मधल्या बोटाने पहिली तार आणि तर्जनीने पुढच्या तीन, हे बोटांना आपोआप आठवलं. पण हाताखाली तारा नुसत्या हलत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. आपण सगळ्यांसमोर काय करून बसलो, असं मला वाटलं. तेवढ्यात बाई मागे वळल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते हलकेच कलतं करून माझं कानशील तंबोऱ्याच्या दांडीला टेकवलं. त्यांना माझ्या कानांचं काही उमगलं होतं, की तंबोरा कसा धरायचा एवढंच दाखवायचं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आणि मला षड्ज ऐकू आला. दुरून नाही, अंधूक नाही. ऑपरेशनच्या आधी ऐकला होता त्याहून भरलेला, डोक्याच्या आतून, दातांतून, कपाळातून. मी रडायला लागले. बोटं थांबवायची नाहीत एवढंच भान होतं, म्हणून डोळे पुसता येईनात. पाणी तसंच गळ्यापर्यंत ओघळत राहिलं. बाई गायला लागल्या. त्यांचं गाणं मला सगळं ऐकू आलं असं मी म्हणणार नाही, खोटं का बोलू. शब्द तर नाहीच. पण त्या वरून फिरून षड्जावर उतरल्या की तारा आणखी दाट व्हायच्या आणि मला कपाळात कळायचं, की आल्या. दर वेळी कळलं. संपूर्ण सकाळ मी त्यांच्या येण्याची वाट बघत होते आणि त्या येत होत्या.

गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, “मी परत येईन तेव्हा तूच बस.” भाऊ माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले. लछूभाई लांब आपल्या वायरी गुंडाळत होता. त्याने तिथूनच मान हलवली.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, आतली नस चांगली आहे, हाडावाटे आवाज पोचतो. त्यात चमत्कार काही नाही. मी म्हटलं, नसू दे. लाइट त्याच दिवशी का गेली आणि शिष्या त्याच दिवशी का आजारी पडली, याचा हिशेब मी कुणाकडे मागत नाही. मला जे मिळालं ते मी लिहिलं.

सासूबाईंना त्या दुपारी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझे सोमवार पावले. मी म्हटलं, सोमवार कसले, मी तर त्याच्याशी कडाक्याचं भांडले होते, वाट्टेल ते बोलले होते. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबवून, मला ओठ दिसावेत म्हणून मान वर करून म्हणाल्या, “अगं, भांडायला तरी समोर कुणीतरी असावं लागतं की नाही?”

पुढे बरीच वर्षं त्या हॉलमध्ये, गाणाऱ्याबरोबर कुणी नसलं की तंबोऱ्यामागे मी बसले. उजवा कानही यथावकाश गेला. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटायचं आणि म्हणून त्या शब्दाची चीड होती. तंबोऱ्याला बसून कळलं ते वेगळं. तिथे आपल्याला काही दाखवायचं नसतं, आपलं कुणी कौतुक करत नाही, गाणं कुठे चाललंय यावर आपला अधिकार नसतो. फक्त सूर सोडायचा नसतो. एवढं मला जमतं. भांडण अजून होतं, वरचेवर होतं, आता तर मोठ्याने होतं. त्याचे माझ्यावर उपकार आहेत हेही त्याला तशाच भांडखोर आवाजात सांगते. कान परत दे म्हणणं मी कधीच सोडलं. जागा मात्र सोडली नाही.