नारळावरचा हात

“पुरतं वाचू दे, मंग बोल.”

नीराबाईचं हे कायमचं बोलणं. शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याने टोमणा मारला, की मान वर न करता ती एवढंच म्हणायची. तिचं वाचन म्हणजे ओहोटीच्या चिखलातून चालणं. बोट एका अक्षरावर रुतायचं, ओठ हलायचे, मग ते बोट उपटून पुढच्या अक्षरावर ठेवायचं. एक पान संपेपर्यंत समोरच्या माडाची सावली अंगण ओलांडून जायची. खारकोंडच्या कोळवाडीला या बाईचा राग होता, आणि त्या रागातला मोठा वाटा तिच्या थोरल्या जावेचा, कमळचा होता.

दोघींची घरं म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे. मधे कारवीची कूड. धाकटा दीर बाटला त्या साली ती कूड कमळने उभी करून घेतली आणि स्वतःच्या हाताने सारवली. पण कुडीने माणूस दिसायचा थांबतो, ऐकू यायचा थांबत नाही. नीराचं अडखळत वाचणं दुपारभर कमळच्या कानात पडायचं. सुकट निवडता निवडता कमळ दात खायची.

हे सगळं एका पायावरून झालं होतं. गुणाजीला, म्हणजे नीराच्या नवऱ्याला, पाकट माशाने नांगी मारली आणि पाय सडायला लागला. भगताने कोंबडी मागितली, मग बोकड मागितला. पाय काळाच पडत गेला. तेव्हा नीराने कोणाला न विचारता नवऱ्याला माल नेणाऱ्या मचव्यात घातलं आणि अलिबागेच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक बाई रोज खाटांच्या मधे बसून शास्त्र वाचायची. पावसाळा सरेपर्यंत गुणाजी ऐकत पडला, आणि उशाशी बसून नीरा अक्षरं शिकली. पाय बरा झाला. दोघांनी तिथेच बाप्तिस्मा घेतला.

“पाय घेऊन आला आन देव टाकून आला,” वाडी म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. नीराच्या चुलीतला विस्तव कोणी नेईना. विहिरीवर तिची कळशी सगळ्यांच्या शेवटी. बोर्लीच्या बाजाराला बाया एका रांगेत निघायच्या, ही रांगेच्या मागे दगड फेकावा इतकं अंतर ठेवून. पण गुणाजीला होडीवरून काढायला कोणी धजला नाही. होडी दोघा भावांच्या बापाने बांधलेली. थोरला धर्माजी, कमळचा नवरा, तिचा तांडेल, आणि वाऱ्याची नस ओळखणारा गुणाजीसारखा दुसरा नव्हता.

अडचण एकच होती, नारळी पुनवेची. आमच्या किनाऱ्यावर त्या वाडीची रीत अशी, की होडीत ज्या घराची पाती, म्हणजे वाटा, त्या घरचा एक हात नारळावर पडलाच पाहिजे. मगच तो नारळ दर्याला द्यायचा. एरवी विधवेला शुभकार्यात कोणी पुढे येऊ देत नसे, पण इथे माणूस बघत नसत, घर बघत. गुणाजी हात ठेवीना. तेव्हा धर्माजीने स्वतःचे दोन्ही हात नारळावर ठेवले, एक आपला, एक धाकट्याचा. लोक कुरकुरले, पण तांडेलापुढे गप्प बसले.

आणि एका साली, दिवाळीच्या तोंडावर, दिघीच्या खाडीच्या तोंडाशी वादळाने ती होडी उलटी केली. बाकी सगळे उलट्या होडीला धरून किनाऱ्याला लागले. गुणाजी तेवढा राहिला. त्याचं प्रेतही मिळालं नाही.

दर्याने नेमका कोणाला नेला, हे वाडीला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. ज्याचा हात नारळावर नव्हता, तोच गेला.

धर्माजी त्या दिवसापासून मुका झाल्यासारखा झाला. कमळचं मात्र उलटं झालं. आपला नवरा मरणाच्या दाढेत गेला तो या बाटग्यांच्या पापापायी, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. भरल्या विहिरीवर, सगळ्या बायांच्या देखत, तिने जावेला विचारलं, “वादळ आलं तवा तुझा येशू झोपला होता काय गो?”

बाया हसल्या. नीरा कळशी अर्धीच भरून निघून गेली.

त्यानंतर कुडीपलीकडचा आवाज बदलला. नीरा वाचायची, पण रोज एकच गोष्ट, आणि तीही अर्धी. संध्याकाळ झालेली, येशू म्हणतो चला पलीकडच्या तीराला जाऊ, त्याची माणसं होडी सोडतात, वारा सुटतो, लाटा होडीत शिरतात. इथवर बोट यायचं. मग शास्त्र धपकन मिटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा संध्याकाळ, पुन्हा होडी, पुन्हा लाटा, पुन्हा धप.

पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या, दर्या दिवसरात्र गुरगुरत असलेला, अशात दयाराम मास्तर आले. हे मिशनचे उपदेशक. छत्री गळत होती, धोतर चिखलाने भरलं होतं. कमळ कुडीला कान लावून उभी राहिली.

“मास्तर, माझं एक विचारणं हाय,” नीरा म्हणाली. “त्यांच्या होडीचा वारा त्याने थांबवला. आमच्या होडीचा का न्हाय थांबवला?”

“असं विचारू नये, नीराबाई. देवाला जाब विचारणं पाप आहे.”

“मंग कोणाला विचारू?”

मास्तरांनी धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, “गुणाजीचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल.”

“वाऱ्याला विश्वास मोजता येतो काय मास्तर? नारळाला हात लावणारे सगळे वाचले.”

“तोंड आवरा. प्रार्थना करू या.”

“तुम्ही करा,” नीरा म्हणाली. मास्तरांनी एकट्यानेच प्रार्थना केली आणि छत्री उचलून गेले.

पुनव जवळ आली तसा भागोजी पाटील नीराच्या दारात येऊन उभा राहिला. वाडीचा निवाडा तोच करायचा. ओट्यावर न चढता, अंगणातूनच त्याने सुनावलं, “औंदा एका मानसाचे दोन हात चालायचे न्हाय. ज्याच्या त्याच्या घरचा हात. नारळावर हात ठेवलास तर घरात घेऊ, पंगतीला घेऊ, पाती चालू. न्हाय ठेवलास तर होडीवर तुझं काय न्हाय आन वाडीतही काय न्हाय. समजलं?”

नीरा उठून आत गेली. पण दुपारी कुडीपलीकडून आवाज आला, “जाऊबाय, ऐकतेस?”

“बोल.”

“भावजींना सांग. पुनवेला ठेवते हात.”

कमळच्या हातातलं सूप खाली आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुडीला वळसा घालून जावेच्या ओट्यावर गेली. जाताना कालवणाची वाटी घेऊन गेली. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं!

नीरा खांबाला टेकून बसली होती. वाटीकडे तिने पाहिलं नाही. मांडीवरचं शास्त्र उचलून तिने कमळपुढे धरलं. “हे ने. चुलीत घाल.”

कमळने ते हातात घेतलं. चांगलं जड होतं. हेच तर तिला पाहिजे होतं. पण पाय हलेना, कारण पावसाळाभर एक गोष्ट तिच्या घशात अडकून बसली होती.

“त्या होडीचं काय झालं?” तिने विचारलं.

“कोणत्या?”

“तुझ्या शास्त्रातल्या. रोज लाटा आत घेतेस आन मिटतेस. मी तांडेलाची बायको. होडी बुडाली का तरली ते न कळता चुलीत कसं घालू? रोज सगळ्यांना सांगायचीस पुरतं वाचू दे, आन स्वतः अर्ध्यात उठतेस. वाच.”

“मला न्हाय वाचवत.”

“मेलीस तरी वाच. मंग जाळते.”

नीराने शास्त्र परत मांडीवर घेतलं. पान आपोआप उघडलं, इतकं ते हाताळलेलं होतं. बोट लाटांवरून पुढे सरकलं. येशू होडीच्या मागच्या बाजूला होता. बोट थांबलं, ओठ हलले. उशी घेऊन झोपला होता.

कमळने टाळीच वाजवली. “झोपला होता! बघ! मी विहिरीवर काय बोलले? झोपलाच होता मेला!”

“व्हय,” नीरा हळू म्हणाली. “झोपलाच होता. इथंच लिवलंय.”

“पुढं.”

पुढची ओळ तिला फार वेळ लागली. माणसं त्याला हलवून उठवत होती. आम्ही बुडतोय, तुला त्याचं काहीच कसं नाही, असं त्याला विचारत होती. नीराने ती ओळ वाचली, बोट मागे नेलं, परत वाचली. तिसऱ्यांदा वाचताना आवाज फुटला.

“काय झालं गो?”

“जाऊबाय, हे त्याच्याच मानसांनी त्याला विचारलं. तोंडावर.”

“मंग?”

“मी हेच विचारते. रोज. तोंडात पदर कोंबून विचारते, पाप लागंल म्हणून. मास्तर म्हणाले विचारू नको. आन इथं छापलंय. माझ्या तोंडचंच छापलंय.”

“मंग त्याने काय केलं त्यांचं? बोल बोलले म्हणून ढकललं पाण्यात?”

“न्हाय.” नीराचं बोट झरझर पुढे गेलं, इतकं झरझर ते कधी गेलं नव्हतं. “उठला. वारा थांबवला. मंग बोलला त्यांना, एवढं भ्यालात कशाला, विश्वास न्हाय काय तुम्हाला. पण होडीतून कोणाला उतरवलं न्हाय त्याने. विश्वास न्हाय म्हणून बी न्हाय. ओरडले म्हणून बी न्हाय.”

कमळला आता आपलीच चूक दिसायला लागली. गोष्ट अर्धीच राहू द्यायला हवी होती. ती घाईने म्हणाली, “त्यांचा वारा थांबला. गुणाजीचा न्हाय थांबला. त्याचं काय?”

“मला न्हाय ठावं.”

आणि नीरा ओरडली. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. आभाळाकडे तोंड करून, छाती बडवत, देवाला अरेतुरे करत ती ओरडली. उठ म्हणाली, कुठं निजलायस म्हणाली, माझा माणूस दे म्हणाली, असले असले शब्द वापरले की कमळने कानांवर हात ठेवले. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या. कमळ उठली आणि वाटी तिथेच टाकून घरी पळाली. शास्त्र नीराच्या मांडीवर राहिलं.

तरीही पुनवेला ती येईल आणि दिल्या शब्दाप्रमाणे हात ठेवील, असं कमळ धरून चालली होती. पोट कोणाला सुटलंय?

पुनवेच्या दिवशी वाळूवर सगळी वाडी जमली. होडीला नवा रंग, पुढच्या टोकाला, नाळीला, फुलं, बायांची नवी लुगडी. धर्माजी नारळ घेऊन पाण्याच्या कडेला उभा. पाती असलेल्या घरांचे हात एकावर एक पडले. मग धर्माजीने, कोणाकडे न बघता, आपला दुसराही हात वर आणला.

भागोजी पाटलाने तो मनगटाला धरून खाली केला. “तांडेल, सांगितलं होतं.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नीरा आली होती. काखेत गाठोडं होतं, ते आधी कमळला दिसलं. थोरल्या दिरासमोर नीरा कधी बोलत नसे. आज पदर नीट करून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“भावजी, माझ्यासाठी हात ठेवू नका. त्यांच्यासाठी ठेवलात, लय केलंत.”

“नीरे, ठेव गो हात,” धर्माजी म्हणाला. कित्येक महिन्यांत लोकांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता. “एका क्षणाचं काम हाय. मनात काय बी असू दे.”

“मनात अजून येशूच हाय भावजी, म्हणून न्हाय ठेववत.”

“अजून तुझा त्याच्यावर भरवसा हाय?” भागोजी खेकसला. “नवरा गिळला त्याने तुझा!”

“भरवसा किती हाय ते मला सांगता यायचं न्हाय पाटील. मी त्याला रोज शिव्या घालते. पण शिव्या घालायला तरी त्याच्याच दारात उभी राहीन. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याची चुगली न्हाय करणार.”

“ऐका! ऐका बाटगीचं!” कोणीतरी ओरडलं. “शब्द दिलाता हिने!”

“दिलाता,” नीरा म्हणाली. “तो खोटा दिलाता. त्याचं जे काय म्हणाल ते ऐकून घेते.”

ऐकून घेतलंच तिने. वांझोटी म्हणाले, नवरा खाणारी म्हणाले, दर्याला उपाशी ठेवणारी म्हणाले. एका म्हातारीने ओल्या वाळूचा गोळा उचलून मारला, तो तिच्या खांद्यावर फुटला. तिने तो झाडला नाही. भागोजीने हात वर करून गलका थांबवला.

“पाती गेली. घर गेलं. आत्ताच्या आत्ता वाडी सोड. दर्या खवळला तर तुझं नाव घेऊन खवळंल.”

नीराने धर्माजीला वाकून नमस्कार केला. मग ती कमळपुढे आली. कमळने तोंड फिरवलं.

“वाटी धुऊन तुझ्या ओट्यावर ठेवलीय जाऊबाय,” नीरा म्हणाली. “कालवण खाल्लं मी. मीठ थोडं जास्त होतं.”

“जा गो मेले, जा!” कमळ म्हणाली.

नीरा वळली आणि पाण्याच्या कडेकडेने बोर्लीच्या वाटेला लागली. वाळू ओली होती, चालायला कठीण. गाठोडं तिने काखेतून डोक्यावर घेतलं, बाजाराला जाताना पाटी घ्यायची तसं, आणि मग तिची चाल सरळ झाली.

मागे ढोल सुरू झाला. त्या वाडीत नारळ पाण्यात जाताना सगळ्यांनी दर्याकडे तोंड करायचं असतं. पाठ फिरवणं मोठा अपशकुन. धर्माजी कमरेएवढ्या पाण्यात शिरला. लोकांनी हात जोडले. एकटी कमळ दर्याकडे पाठ करून उभी होती, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. भागोजी तिच्या अंगावर ओरडला, शेजारणीने तिचा पदर ओढला, तरी ती वळली नाही. सुरूच्या झाडांपाशी वाट आत वळते, तिथे नीराचं गाठोडं फांद्यांखाली वाकलं, पुन्हा एकदा वर दिसलं, आणि मग नुसती झाडं राहिली. कमळ तिकडेच बघत होती.