आई रोज शिक्षा देते

माझी मुलगी दुसरीत आहे आणि तिच्याच शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवते. नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्याला घेऊन आली तेव्हा ती जेमतेम चालत होती. त्यामुळे तिची मराठी म्हणजे आम्हा दोघांकडून आणि फोनवरच्या आजीकडून मिळेल तेवढीच. भूक लागली की तिला मराठी आठवते, भांडायला मात्र बंगाली लागते. मला याचं फार वाटतं. नवरा म्हणतो, शिकेल हळूहळू, आणि पुन्हा टीव्हीकडे वळतो.

गेल्या वर्षी शाळेने मुलांशी बोलणारा एआय मदतनीस आणायचं ठरवलं. टॅबलेटच्या पडद्यावरचं एक हसरं घुबड मुलांना विचारणार, आज कसं वाटतंय, घरी काय चाललंय. मूल काही काळजीचं बोललं की ते काउन्सेलरला कळवणार. सगळं नीट आखून व्हावं म्हणून एक समिती नेमली आणि त्यात मला घातलं. गणिताच्या बाईंना नियोजन जमतं असा गैरसमज सगळ्याच शाळांत असतो. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, घुबड कशाला? आमच्याकडे घुबड दारात बसलं तर हाकलतात. समितीतल्या बंगाली बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या घरी ते लक्ष्मीबरोबर पूजेला असतं.

घुबड राहिलं, पण माझ्या दोन सूचना मान्य झाल्या. पहिली अशी, की मूल घरी जी भाषा बोलतं तिच्यात घुबडाने बोलावं, आणि त्यात मराठीही असावी. कॉम्प्युटरचे सर म्हणाले, शाळेत मराठी मुलं आहेतच किती? मी म्हटलं, माझी एक आहे ना. खरं सांगायचं तर आमच्याशिवाय या शहरात कुणीतरी तिला मराठीत काही विचारावं, एवढाच माझा लोभ होता. दुसरी सूचना, घुबडाने काही कळवलं तर पालकांना आधी सांगायचं नाही, मुलाशी वेगळं बोलायचं. घरातलाच कुणी त्रास देत असेल तर तो सावध व्हायला नको, असं मी ठासून सांगितलं होतं.

टॅबलेट वर्गांत जाऊन थोडेच दिवस झाले होते. सातवीवर अपूर्णांक चालले होते आणि मला प्रिन्सिपलचं बोलावणं आलं. केबिनमध्ये काउन्सेलर बसली होती. ही तरुण मुलगी रोज बराकपूरहून लोकलने येते, मला दीदी म्हणते, एरवी दारातूनच हसते. त्या दिवशी तिने मान वर केली नाही. प्रिन्सिपलनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. घुबडाने पाठवलेल्या, इंग्रजीत चार ओळी होत्या. आई मला रोज शिक्षा करते. खोलीत नेऊन दार लावते. बाबा बाहेर असतात. मी रडले तरी सोडत नाही. खाली लाल त्रिकोण, आणि वर माझ्या मुलीचं नाव.

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. माझा आवाज चढतो, ते मी कधीच नाकारत नाही, पण पोरीला मी बोट लावलेलं नाही. तरी त्या क्षणी मीच मनात शोधायला लागले, कधी मारलं का मी, विसरले का? आणि त्याहून वाईट म्हणजे ही माझ्याबद्दल असं बोलली, तेही त्या घुबडापाशी, याने मी रडायच्या बेतात आले.

"आमी ओर शाथे शकालेइ कथा बोलेछि," काउन्सेलर खाली बघत म्हणाली. मुलीशी तिचं सकाळीच बोलणं झालं होतं. आई दार लावते का? हो. बाबा बाहेर असतात का? हो. तू रडतेस तरी? हो. मला आधी कळवलं नव्हतं, कारण तसा नियम होता. नियम माझाच, आता बोलणार कुणाला?

मी म्हटलं, मला तिचा आवाज ऐकायचाय. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आवाज पडद्याच्या कोपऱ्यात होता, एक छोटं चिन्ह दाबलं की ऐकू येणार होतं, पण इंग्रजी समोर असताना ते कुणी दाबलंच नव्हतं. काउन्सेलरने दाबलं. माझ्या मुलीचा आवाज केबिनमध्ये आला, अगदी मजेत बोलत होती. "आई मला रोज शिक्खा देते. खोलीत नेऊन दार लावून देते. बाबा बाहेर मोठ्ठ्याने क्रिकेट बघतात ना, म्हणून. टेबल्स आले नाहीत की मी रडते, तरी सोडत नाही, शिक्खा देतेच."

काउन्सेलरने कपाळाला हात लावला. "ओ मा, शिक्खा! पोढाशोना!" पोढाशोना म्हणजे अभ्यास. बंगाली बाईला कानावर पडताक्षणी कळलं. पोरीने बंगालीतला शिक्खा, म्हणजे शिक्षण, मराठी वाक्यात बसवला होता. घुबडाने भाषा मराठी धरली, आणि मराठीत शिक्षेचा अर्थ एकच. क्रिकेटचं आणि पाढ्यांचं त्याला काळजीचं वाटलं नाही, ते त्याने गाळून टाकलं.

प्रिन्सिपल हसल्या, मग गंभीर झाल्या, माफी मागितली, चहा मागवला. मी कप तसाच ठेवला. वर्गात परत गेले आणि फळ्यावर सोपा अपूर्णांक चुकवला. पोरांनी लगेच पकडलं.

पुढच्या बैठकीत मला वाटलं, आता चर्चा होईल. मी सांगितलं, आधी माणसाने आवाज ऐकावा, आणि त्या मुलाच्या घरची भाषा जाणणारं कुणी शेजारी असावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या टप्प्यात बघू, असं ठरलं. मग कॉम्प्युटरचे सर म्हणाले, सध्या मराठी काढून टाकू, प्रश्नच मिटेल. माझ्यासमोर त्यांनी ते केलंसुद्धा, आणि माझ्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, "मॅडम, आपही के भले के लिए।" माझ्या तोंडाला कुलूप घालणं नवऱ्याला आजवर जमलेलं नाही. पण रोगापेक्षा इलाज भयंकर, हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचेना.

घरी मुलीला जवळ घेऊन समजावलं. तू काही चुकीचं बोलली नाहीस, त्या मशीनला तुझं मराठी कळलं नाही, आईवर कुणी रागावलेलं नाही. ती शहाण्यासारखी हं हं करत राहिली. मला वाटलं, झालं, विसरली.

रविवारी साताऱ्याहून माझ्या आईचा फोन आला. नेहमीप्रमाणे तिने नातीला मागितलं. जेवलीस का, काय जेवलीस, शाळेत काय केलंस. मुलगी उत्तरं देत होती, पण शाळेत शिकलेल्या हिंदीत. हाँ आजी. खाना खा लिया. स्कूल अच्छा था. आईने दोनदा ऐकून घेतलं, मग लाडाने म्हणाली, "अगं, मराठीत बोल की माझ्याशी."

मुलीने माझ्याकडे बघितलं. फोन तोंडाजवळ नेला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नाही आजी. मराठीत बोललं की आईला पकडतात."