हिरवी की लाल

"जिच्या दाराला बाहेरून मूठ नाही, वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, ती गाडी तुम्हाला चांगली वाटते," मिस्त्रींची बायको कात्री न थांबवता म्हणाली.

"मूठ कशाला हवी? हात आत घालायचा, कडी ओढायची."

"म्हणजे चोराचीही सोय."

मटार सोलणाऱ्या सासूबाई हसल्या. मिस्त्रींनी आईकडे रागाने पाहिलं, पण त्या सकाळपासून सुनेच्याच बाजूने होत्या.

भांडणाला कारण डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे एमजी मिजेट नावाच्या दोन जुन्या विलायती मोटारी, दोन्ही उघड्या, दोन माणसांच्या, आणि तीस वर्षं दोन्ही मिस्त्रींच्या हाताखाली. बाई आता कायमच्या मुलाकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, एक तुमची, कुठली ते संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरी विकणार आहे.

हिरवी अगदी सुरुवातीची. चकचकीत बारीक बंपर, काचांऐवजी बाजूला लावायचे पडदे, आणि स्प्रिंगा अशा कडक की रस्त्यातला खडादेखील मणक्याला कळावा. लाल जवळजवळ पंधरा वर्षांनी बनलेली. तिला फिरवून वर घ्यायच्या काचा, दाराला मुठी, कुलूप, मोठं इंजिन. पुढेमागे काळ्या रबराचे जाड बंपर आणि जमिनीपासून जरा उंच. नाजूक पोरीला गमबूट घातलेत, असं मिस्त्री म्हणत. गमबुटात पाय कोरडे राहतात, असं बायको म्हणे. हिरवीचं कापडी छत तिने तीनदा शिवून दिलं होतं, पण मिस्त्रींच्या हातच्या कुठल्याच गाडीतून ती कधी फिरली नव्हती. आता घरात येणारी गाडी तरी बसण्यासारखी असावी, एवढंच तिचं म्हणणं.

मिस्त्रींना सगळे कानमिस्त्री म्हणत. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून ते दुखणं सांगत. लग्न करून घरी येताना टॅक्सीत नव्या नवरीशी ते पहिलं वाक्य बोलले ते, "जरा गप्प बस, बेअरिंग वाजतंय." अडतीस वर्षं ती हे वाक्य त्यांना ऐकवत होती.

शेवटी मुलीने दोघांना घराबाहेर काढलं. दारात उभ्या असलेल्या दोन्ही गाड्यांतून एकेक चक्कर मारा, म्हणाली, आमचे तरी कान सुटतील.

आधी लाल. काचा वर, आत उबदार, गादी मऊ. बायको खूश होऊन बोलायला लागली, तशी मिस्त्रींनी मान तिरकी केली आणि बोट वर केलं. मागे काहीतरी खडखडत होतं. ती पुन्हा बोलली, पुन्हा बोट. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी थांबवून सीटखाली हात घातला. त्यांचाच पाना निघाला, गेल्या आठवड्यात विसरलेला. तिने काचेकडे तोंड फिरवलं.

मग हिरवी. बसताना तिचा गुडघा अडकला, पहिल्याच वळणावर अंबाडा सुटला आणि वारा असा घोंघावायला लागला की मिस्त्रींनी मान तिरकी करूनही उपयोग होईना. इंजिन ऐकूच येत नव्हतं. मग ते बायकोकडे वळून ओरडले, "काय म्हणालीस?" ती काहीच म्हणाली नव्हती. पण मग म्हणाली. नळापासून नणंदेपर्यंत सगळं ओरडून सांगितलं, आणि ते प्रत्येक वाक्याला "पुढे?" म्हणत राहिले. एका खड्ड्यात दोघं हातभर उडाली, तेव्हा ती इतकी हसली की सायकलवरच्या माणसाने वळून पाहिलं.

गाडी लावून, पुसून घरात आल्यावर मिस्त्रींनी चपला काढता काढता पडेल आवाजात सुरुवात केली. लालच घेऊ, तुझ्या गुडघ्याचा विचार करायला हवा.

बायको आरशापुढे केसांतला गुंता सोडवत होती. वळलीसुद्धा नाही.

"हिरवी येणार आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. "डॉक्टरीणबाईंना मी फोन केलाय. मागची शेड आज रिकामी करा, आणि उद्यापासून मी चालवायला शिकणार आहे."