पिठीसाखर

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते.

माझी संगीता सात वर्षांची होती. चालताना झोकांड्या द्यायची. डोक्यात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, डोक्याला मशीनचे शेक दिले. मग डॉक्टर म्हणाले, नवं औषध आहे, थोड्याच पोरांना देऊन बघतोय. किती सोसेल ते अजून कळायचंय. नाशिकला घरी नेऊन द्यायच्या कॅप्सुला — दीड महिन्यातून एकदा.

पहिल्या खेपेला पोर दोन दिवस ओकली. चादर, गादी, माझं पातळ. दुसऱ्या खेपेला तेच. हे अंबडच्या कारखान्यातून आले की विचारायचे, "दिल्या का?" — आणि बादली कुणी उचलायची?

तिसऱ्या खेपेला मी कॅप्सुला उघडल्या. आतली पूड मोरीत सोडली, पिठीसाखर भरली. ह्यांच्या देखत दिल्या. पोर ओकली नाही. हे म्हणाले, "बघ, मानवलं!"

माया असेल, असं म्हणाल. म्हणू नका. मला घाणीचा कंटाळा आला होता.

मग दर खेपेला तेच. डॉक्टर खूश — उलटी नाही, रक्तातल्या पेशीही उतरल्या नाहीत! इस्पितळाच्या बाकावर शेजारी इगतपुरीची एक बाई बसायची. तिच्या पोरीलाही तेच औषध, पोर नुसती काडी झालेली.

"ताई, तुमची कशी ओकत नाय वो? काय देता?"

काय सांगणार? म्हटलं, "आधी आलेपाकाची वडी देते." तिनं माझे हात धरले.

तिच्या पोरीचं औषध कमी करायचं डॉक्टरांच्या मनात होतं. त्यांनी संगीताकडे बोट दाखवलं — हिला सोसतं, तर कमी कशाला? तेवढंच चालू ठेवू. मी तिथंच बसले होते. तोंड उघडलं का? नाही.

दिवाळीच्या आत संगीता गेली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं नाही. मी मान डोलावली. खरं औषध दिलं असतं तर वाचली असती? कुणाला ठाऊक — मीच ते कळू दिलं नाही.

नंतर एकदा नाशिकरोड स्टेशनात मागून हाक आली, "अवो ताई! आलेपाकवाल्या ताई!" आवाज मी ओळखला. पाय उचलले आणि जिना चढून गेले. तिची पोर बरोबर होती की नव्हती, एवढं बघायलाही मागं वळले नाही.