मी नाय तिथं पाय ठेवनार

माझा राग वाईट आहे. मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. माझा नवरा कमळाकर नागोठण्याच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, कुकरसुद्धा आधी शिट्टी देतो, तू तेवढंही करत नाहीस. या रागापायी तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या हातून असं काही होणार होतं की जन्मभर तोंड लपवून फिरले असते. माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती आणि ती मीच हिरावून घ्यायला निघाले होते.

सासूबाईंचं नाव सगुणा. लग्न होऊन पेणजवळच्या खारेपाटात आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. दिवाळी उलटली की मिठागराचं काम सुरू व्हायचं. आधी चिखल पायांनी तुडवून तुडवून जमीन घट्ट करायची, मग खाडीचं पाणी आत घ्यायचं. पाणी आटून मीठ धरलं की ते फळीने ओढायचं, पाटीत भरायचं आणि डोक्यावर घेऊन हातभर रुंदीच्या बांधावरून राशीवर नेऊन टाकायचं. पायात काही नाही. कमळाकर सातवीत असताना सासरे गेले. त्यांचं नाव आई, म्हणजे सासूबाई, आजही घेत नाहीत, 'कमळाकरचा बाप' म्हणतात. ते गेले तशा त्यांच्या वाटणीच्या पाट्याही त्यांनीच उचलल्या आणि पोराला आयटीआय केलं. स्वतः मात्र शाळेची पायरी चढल्या नाहीत. सही तेवढी येते, तीही सेजलने, माझ्या लेकीने, शिकवलेली.

त्या मिठागरात एकदा मुंबईहून सिनेमावाले आले होते. ऐन मे महिना. मिठाच्या राशी म्हणजे बर्फाचे डोंगर, असं त्यांनी ठरवलं. नायिकेच्या अंगात स्वेटर आणि तोंडाचा रंग घामाने ओघळून गळ्यात. आई आणि बाकीच्या बाया पाट्या घेऊन उभ्या, तर त्यांना सांगितलं, बाजूला व्हा, मध्ये येताय. "आमीच रचलेली रास न् आमीच बाजूला!" हे सांगताना आई पोट धरधरून हसतात. पण पुढचं हसत सांगत नाहीत. "तवापासून मला खरा बर्फ बघायचा हाय. खोट्यातच उमर गेली माझी."

तर त्या वर्षी सेजलच्या डोक्यात स्नोबोर्डचं खूळ शिरलं. तिने एक वहीच केली होती. सोलांगला गर्दी फार, औलीला बर्फाचा भरवसा नाही, गुलमर्गला वर जायला केबल कार आणि शिकवायला माणसं, असं सगळं लिहून बापापुढे ठेवलं. पेणला एसटी स्टँडजवळ त्र्यंबक सरांचं टूर्सचं ऑफिस आहे. सर निवृत्त शिक्षक, कमळाकरला त्यांनीच गणित शिकवलेलं. त्यांची जानेवारीअखेर गुलमर्गची सहल होती, आम्ही चार नावं दिली. बाप स्की करणार, लेक स्नोबोर्ड करणार आणि मी खाली उभी राहून फोटो काढणार. मी जिते गावच्या शाळेत शिकवते, मला पाय मोडून घेणं परवडत नाही.

"आन् मी पन घसरनार," आई म्हणाल्या. "बांधावरनं पाय घसरू नये म्हनून जीव मुठीत धरून चालले. डोक्यावर पाटी, खाली चिकल. आता एकदा मनासारकं घसरून बघते."

आम्ही हसून हसून लोळलो. कमळाकर दुसऱ्याच दिवशी आईला माकडटोपी घेऊन आला, आणि ती घालून त्या अख्ख्या आळीत फिरून आल्या.

मग रोह्याहून सीतामावशी आली. सीताबाई, आईंची थोरली बहीण. दोन दिवस तिचं एकच तुणतुणं. "अगो, या वयात बर्फात मरायला चाललीस? हाडं गोळा करून आनतील तुजी!" आई निमूट ऐकत होत्या, वाल निवडत होत्या, हो नाही की नाही नाही. मी आतून धुमसत होते. पाहुणीला काय बोलणार, कप्पाळ!

शुक्रवारी संध्याकाळी सरांचा निरोप आला. तिकडे बूट भाड्याने घ्यायचे, तेव्हा प्रत्येकाची उंची, वजन आणि पावलाची लांबी शनिवारी पाचच्या आत द्या, पाचला यादी पुढे जाणार. कमळाकरचं पाऊल वहीच्या कागदात मावेना, म्हणून मी कॅलेंडरचं नोव्हेंबरचं सरलेलं पान फाडलं आणि चित्र खाली करून जमिनीवर घातलं. कमळाकर उभा राहिला, मी पेन्सिल फिरवली. मग सेजल, मग मी. सेजल मोबाईलमध्ये बघून ओरडत होती, "गुलमर्गला आत्ता उणे सात!"

"आई, या," मी हाक मारली. "तुमचाच पाय राहिला."

आई पदराला हात पुसत आल्या. वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

"मी नाय तिथं पाय ठेवनार."

"का?"

"नाय म्हंजे नाय. तुमी पन ठेवू नका." आणि त्या सरळ आत निघून गेल्या.

"बरं झालं, शानी झाली," सीतामावशी कोपऱ्यातून म्हणाली.

झालं! माझं डोकं फिरलं. दोन दिवसांत मावशीने कान भरले आणि यांनी भरून घेतले! वर आम्हालाही जाऊ नका म्हणतायत! लेकाने हौसेने टोपी आणली, नातीने वही लिहिली, त्याचं काहीच नाही? आत जाऊन एक शब्द विचारला असता तर तोंड झिजलं नसतं, पण नाही विचारला. रात्रभर कुढत राहिले. कमळाकरची पहिली शिफ्ट, तो पहाटेच गेला. फोन गेटवर जमा, त्यामुळे त्यालाही विचारायची सोय नाही. शनिवारची सकाळची शाळा, मधल्या सुट्टीत मी सरांना फोन लावला.

"सर, आईंचं नाव काढा. त्या येत नाहीत."

"मालू, नीट विचार कर. रोह्याचं एक कुटुंब थांबलंय, त्यांना एकच जागा कमी पडतेय. काढलं की गेलं."

"काढा," मी म्हटलं. आणि खरं सांगते, तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

दीडला घरी आले. आई मावशीला गाडीत बसवायला स्टेशनवर गेल्या होत्या. सेजलने माझ्या हातात चिठ्ठी दिली.

"आजीचं माप. डावा साडेचोवीस, उजवा चोवीस. मोठा धर म्हणाली."

"हे कधी घेतलं?"

"सकाळी. आजीने पाय ओला करून लादीवर उठवला, मी टेप लावली. कागदावर नको म्हणाली. अगं, तू उलटं घातलंस ते पान, खाली गणपती होता! आणि गणपती नसता तरी नको म्हणाली, कागद म्हणजे विद्या, त्यावर पाय ठेवायचा नाही."

मी शिक्षिका! पोरांचा पुस्तकाला पाय लागला की कान धरून नमस्कार करायला लावणारी मी, आणि मीच त्या पानावर तिघांना उभं केलं होतं. आई काश्मीरबद्दल बोलतच नव्हत्या. बोलत होत्या ते त्या कागदाबद्दल. सकाळी उठून स्वतःचं माप काढून ठेवलं आणि तेव्हाच तिकडे मी शाळेतून त्यांचं नाव खोडायला सांगत होते.

सरांचा फोन बंद. रिक्षा करून स्टँडवर गेले तर शटर खाली. दुकानावर पाटी, चारला उघडेल. घड्याळात सव्वादोन. मी तिथेच पायरीवर बसले. शेजारचा चहावाला दोनदा विचारून गेला, बाई, बरं नाय का वाटत? काय सांगू त्याला? रोह्याच्या त्या लोकांनी एव्हाना बॅगासुद्धा भरल्या असतील. कमळाकरला काय सांगू? आणि आईंना? एक जागा कमी पडली म्हणून सांगू? थंडी फार आहे म्हणून सांगू? खोटं बोलायचे सगळे प्रकार मी त्या पायरीवर जुळवून पाहिले. एकही त्यांच्यापुढे टिकला नसता. शेवटी ठरवलं, नाव गेलं असेल तर माझंच काढायला सांगायचं आणि त्यांना पाठवायचं. त्यानंतर जरा श्वास घेता आला.

चारला पाच कमी असताना सर आले. शटर वर केलं, पंखा लावला, चष्मा पुसला. मी मागे उभी.

"सर, नाव!"

"कुठलं नाव?"

"आईंचं हो! काढलंत?"

"नाही. आहे की." त्यांनी यादी माझ्याकडे फिरवली. चौथ्या क्रमांकावर ठळक अक्षरांत, सगुणा.

मी तिथल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"ज्याचं नाव काढायचं त्याला विचारल्याशिवाय मी काढत नाही," ते म्हणाले. "तुझा फोन ठेवला आणि लगेच घरी लावला. सगुणाबाईंनीच उचलला."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सर, पाचपर्यंत नाव ऱ्हाऊ द्या. आमची मालू तापली की कुनाचं ऐकत नाय, पन निवली की आपली आपन धावत येते. ती येईल. नाय आली तर मी येते."

म्हणजे सकाळी दहापासून त्यांना ठाऊक होतं. सुनेने आपलं नाव खोडायला सांगितलं हे ठाऊक असून त्या बहिणीला जेवू घालून, डबा बांधून, गाडीत बसवून आल्या होत्या.

चौघांची मापं सरांना लिहून दिली. घरी आले तर आई ओटीवर वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले, मूठभर माझ्याकडे ओढल्या.

"आई, सकाळीच एक फोन करायचा होतात मला. चार शिव्या घालायच्या होत्यात."

"घालून काय झालं असतं? तू तिकडं शाळेत रडत बसली असतीस, मी हिकडं तुजी समजूत काढत बसली असती, न् सर पाचला माज्याबिगर यादी धाडून मोकळे!" त्यांनी टरफलं सुपात झटकली. "मला तुजी माफी नको व्हती गो मालू. बर्फ हवा व्हता."